चार्जरसकट वजन

आमच्या ताईने सगळ्या नातेवाइकांत आवई उठवून ठेवली आहे की मला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं. खरं तर मी एका कंपनीत लोकांच्या हजेरीचे तक्ते भरतो. समोर कॉम्प्युटर असतो, एवढाच माझा आणि त्या शास्त्राचा संबंध. पण वासरात लंगडी गाय शहाणी. कोणाचा प्रिंटर अडला, कोणाचा फोन बादलीत पडला, की बोलवा मला. डोकं फिरतं माझं, तरी जातो. न गेलो तर ताई रागावते, आणि ताईच्या रागापेक्षा प्रिंटर परवडला.

भाऊजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने, मात्र आजवर माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. त्यामुळे एके दिवशी त्यांचा फोन आला, "जरा काट्यावर येऊन जा, काम आहे," तेव्हा मी चमकलोच. म्हटलं, त्यांच्या आईचं काही झालं की काय. जेवणाची सुट्टी गाठून गेलो.

काटा म्हणजे वजनकाटा. शहर संपतं तिथे हमरस्त्याला लागून जमिनीसपाट एक लांबलचक लोखंडी पट्टा आहे. त्यावर मालाचा ट्रक चढून उभा राहतो. शेजारच्या केबिनमध्ये भाऊजी आकडा बघतात आणि पावती काढतात. ट्रक आधी रिकामा मोजायचा, मग भरलेला. भरलेल्यातून रिकाम्याचं वजन वजा केलं की उरला तो माल. माल परवानगीपेक्षा जास्त निघाला तर गाडी पुढे सोडायची नाही. बाजूच्या आवारात उभी करायची आणि जादा माल उतरवला की मगच जाऊ द्यायची. काम एवढंच. भाऊजींची उमेदीची सगळी वर्षं या एवढ्याशा कामात गेली.

केबिन अशी की त्यांनी दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागावेत. वरून मालकाचा नियम, काटा चालू असताना केबिन रिकामी ठेवायची नाही. कोणी आत घुसून आकड्याशी खेळ केला तर? त्यामुळे भाऊजी डबा तिथेच खातात. लघवीला जायचं तर काटा बंद करून कुलूप लावावं लागतं, आणि परत येईपर्यंत रांगेतले ड्रायव्हर त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत असतात.

मी गेलो तेव्हा ते खिडकीतून पावती देत होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "मला लॅपटॉप घ्यायचाय."

"छोकरीसाठी?" त्यांची मुलगी, माझी भाची, शिकायला दुसऱ्या शहरात असते.

"तिला आहे. मला हवाय."

"तुम्हाला कशाला?"

"खेळायला."

पन्नाशी उलटलेला माणूस. डोक्यावर केस नाहीत, गुडघे कुरकुरतात. मला हसू आलं, पण भाऊजी हसत नव्हते.

"काय खेळायला? पत्ते?"

"ट्रक," ते म्हणाले.

मग कळलं ते असं. ट्रान्सपोर्टवाल्याच्या ऑफिसातला कारकून कॉम्प्युटरवर एक खेळ खेळताना भाऊजींनी पाहिला होता. त्यात मारामारी नाही, बंदुका नाहीत. तुम्ही ट्रकच्या केबिनमध्ये बसायचं आणि माल घेऊन जायचं. लांब, देशोदेशीच्या रस्त्यांनी. घाट आहेत, बोगदे आहेत, टोलनाके आहेत. "एक रस्ता सगळा समुद्राच्या कडेने जातो," भाऊजी म्हणाले. "डावीकडे नुसतं पाणी." आणि त्यांनी डाव्या हाताने केबिनची भिंत दाखवली.

मला एकदम ताईच्या लग्नाच्या वेळची गोष्ट आठवली. भाऊजी तेव्हा अवजड वाहनाचं लायसन्स काढून बसले होते, नोकरीही ठरली होती. तेवढ्यात त्यांचे वडील गेले. आई म्हणाली, एकुलता एक तू, तुला रस्त्यावर नाही पाठवायची. मग तात्पुरते म्हणून काट्यावर बसले. ते तात्पुरतं अजून चालू आहे. लायसन्सची मुदत मात्र त्यांनी एकदाही चुकवलेली नाही. प्रत्येक वेळी तपासणी करून, फोटो काढून नवं करून आणतात आणि पाकिटात ठेवतात. ताई विचारते, कशाला? ते म्हणतात, असू दे.

"घरी मोठा कॉम्प्युटर घ्या की," मी म्हटलं. "तेवढ्याच पैशात दुप्पट ताकदीचा येईल."

"नाही. इथे आणता आला पाहिजे. गाड्या नसतात तेव्हा. आणि संध्याकाळी आईच्या खोलीत, मांडीवर घेऊन." मग म्हणाले, "आणि कधी बाहेर जाणं झालं तर."

"तुम्ही कुठे जाणार?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"नाही, आपलं बोललो," भाऊजी म्हणाले, आणि पुढच्या ट्रकला हात केला.

आता त्यांच्या आईबद्दल सांगतो. मी त्यांना मावशी म्हणतो. मावशींचं डोकं गेली काही वर्षं हळूहळू पुसत चाललंय. आधी नावं गेली, मग दिवस गेले, मग माणसं. पाय थकले आणि त्या बिछान्याला लागल्या. दिवसा ताई त्यांचं सगळं करते. संध्याकाळ झाली की त्यांना भीती घेरते, आणि ती भीती भाऊजी नजरेसमोर असले तरच आवरते. हा आपला मुलगा आहे हे काही त्यांना कळत नाही, पण हा माणूस समोर पाहिजे. म्हणून भाऊजी काट्यावरून येतात ते थेट त्या खोलीत, आणि मावशींचा डोळा लागेपर्यंत तिथेच. बाथरूमला गेले तरी आतून मोठ्याने शीळ घालत राहतात, म्हणजे बाहेर आवाज येत राहील. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पोट धरून हसलो होतो. दुसऱ्यांदा नाही हसलो.

आणि मावशींचं एकच पालुपद, "घरी कधी जायचं?" असतात घरातच, पण घरी जायचंय. आम्ही समजून चाललो होतो की त्यांना माहेर आठवतंय. ते घर तर कधीच विकलं गेलं, तिथे आता गोदाम आहे.

तर माणूस या केबिनमधून उठतो आणि त्या खोलीत बसतो. मधे रस्ता आहे तेवढाच त्याचा प्रवास. हे सगळं मला ठाऊक होतं, पण ठाऊक असणं वेगळं. ज्याचं जळतं त्याला कळतं.

मी आठवडाभर डोकेफोड करून माहिती गोळा केली. खेळासाठी लॅपटॉप घ्यायचा म्हणजे मोठं दिव्य असतं. चित्र भराभर हलायला वेगळं ग्राफिक कार्ड लागतं, ते तापतं. ते थंड ठेवायला पंखे लागतात, त्यांनी वजन वाढतं. हे सगळं चालवायला वीज लागते म्हणून मोठी बॅटरी, तिने आणखी वाढतं. वजन कमी हवं तर किंमत वाढते. भाऊजींना मी फोडणी न घालता सांगून टाकलं, "स्वस्त, हलका आणि ताकदवान, यातल्या दोनच गोष्टी मिळतात. तिन्ही मागू नका."

"बघू," ते म्हणाले. त्यांचं बघू म्हणजे काय ते मला ठाऊक आहे.

त्यांच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी ताईला मावशींजवळ बसवून आम्ही दुकानात गेलो. चकचकीत दुकान, थंडगार हवा. विक्रीला उभी असलेली मुलगी भलती तरतरीत. तिने माझ्याकडे बघून विचारलं, "सर, मुलासाठी का?" मी भाऊजींकडे बोट केलं. तिने शहाणपणाने चेहरा सरळ ठेवला.

दोन लॅपटॉप आमच्या ऐपतीत बसत होते. ग्राफिक कार्ड दोन्हींत सारखं, पडदा सारखा. एक जाडजूड आणि दणकट होता, त्याची बॅटरी मोठी. दुसरा सडपातळ, दिसायला नेटका, त्यात बॅटरी बेताची. किंमत जवळपास तेवढीच.

"वजन किती?" भाऊजींनी विचारलं.

मुलीने दोन्हींचे आकडे सांगितले.

"चार्जरसकट?"

"सर, चार्जरचं वजन कोणी विचारत नाही."

"चार्जर काय मी दुकानात ठेवून जाणारे?" असं म्हणून भाऊजींनी पिशवीतून सामान मोजायचा आकड्याचा काटा काढला. प्रवासाला निघालेले लोक बॅगा मोजतात ना, तसला. मी मान फिरवून दुकानाच्या छताकडे बघायला लागलो. भाऊजींनी कापडी पिशवीचं वजन आधी केलं, मग एकेक लॅपटॉप चार्जरसकट पिशवीत घालून ती काट्याला लटकवून हवेत धरली. बाजूची गिऱ्हाइकं हातातलं सोडून बघत होती. एकाने तर फोन वर धरला. चार्जर म्हणजे चांगली वीट होती, त्यामुळे दोन्ही आकडे मुलीने सांगितल्यापेक्षा बरेच जास्त निघाले. तिला गंमत वाटली, म्हणाली, "सर, आमच्याकडेच नोकरीला या." भाऊजी लाजले. इतक्या वर्षांत मी त्यांना लाजताना पहिल्यांदाच पाहिलं.

"हा घेऊ," त्यांनी सडपातळ उचलला.

"भाऊजी, बॅटरी बघा," मी म्हटलं. "हा खेळ लावला की ही तासभरसुद्धा पुरणार नाही. जाड घ्या."

"बॅटरी म्हणजे रिकामं वजन," भाऊजी म्हणाले. त्यांच्या धंद्यातलं हे ब्रह्मवाक्य आहे. गाडीचं स्वतःचं वजन जेवढं कमी, तेवढा माल जास्त. रिकाम्या वजनाचे पैसे कोणी देत नाही. जन्मभर ज्या माणसाने वजाबाकी केली, त्याला बॅटरी हा माल वाटेलच कसा? "खेळ तर दोन्हीत सारखाच आहे ना? मग उगाच ओझं कशाला वागवू?"

"नाकापेक्षा मोती जड होईल तेव्हा मला सांगू नका," मी चिडून म्हणालो.

"नाक आपलं, मोती आपला," भाऊजी म्हणाले आणि पैसे भरायला गेले.

पहिले काही दिवस भाऊजींसारखा सुखी माणूस नव्हता. मी मुद्दाम काट्यावर चक्कर मारली. दोन ट्रकांच्या मधे जरा फट मिळाली की मांडीवर लॅपटॉप. बाहेर खरा ट्रक पट्ट्यावर चढला की आतला कडेला लावायचा, पावती काढायची, की पुन्हा चालू. समोरचा ड्रायव्हर खिडकीत वाकून सल्ले द्यायचा, "अहो, उतारावर गिअर टाका की." लंबू नावाचा एक उंचापुरा ड्रायव्हर होता, भाऊजींचा जुना दोस्त. तो तर पावती घेऊनही हलेना. मागच्या गाड्या भोंगे वाजवायच्या आणि हे दोघं पडद्यावरचा घाट उतरायचे.

"समुद्र लागला का?" मी विचारलं.

"अजून नाही. आधी साधी मालवाहतूक करून तिथला परवाना मिळवावा लागतो," भाऊजी म्हणाले. मला वाटलं, बिचाऱ्याला खेळातही थांबायलाच लावलं. पण ते खूश होते.

मग एका संध्याकाळी त्यांनी मावशींच्या खोलीत लॅपटॉप उघडला आणि गाडीने वेगळंच वळण घेतलं.

मावशी बिछान्यातून बघत होत्या. पडद्यावर काच, काचेपलीकडे रस्ता, दोन्ही बाजूंना झाडं मागे जातायत. मावशींचा चेहरा उजळला. त्यांनी विचारलं, "निघालो का?"

भाऊजींना काय सुचलं कोण जाणे. म्हणाले, "हो, निघालो."

"घरी?"

"हो."

त्या संध्याकाळी मावशी घाबरल्या नाहीत, रडल्या नाहीत. तळ्याच्या कडेने जाणारा एक रस्ता होता, मधे लोखंडी पूल. तो रस्ता बघत बघत शांत झोपून गेल्या. ताईने मला लगेच फोन केला. "अरे, वर्षा-दोन वर्षांत पहिल्यांदा मी गरम जेवले," ती म्हणाली. मीही सगळ्यांना सांगत सुटलो, बघा, लॅपटॉप मी निवडला. खरं म्हणजे तो मी निवडलेला नव्हता, पण श्रेय वाटायला निघालं की मी मागे राहत नाही.

पुढच्या महिन्यात गेलो तर रंग पालटला होता. मावशींना आता रोज जायचं होतं, आणि त्याच रस्त्याने. भाऊजींनी एकदा घाटाचा रस्ता धरला तर त्या ओरडल्या, "हा नाही, वाट चुकला!" वेग वाढवला की "हळू!" अंधारातला प्रवास नको, बोगदा नको, कडेला थांबणंही नको. गाडी थांबली की त्या बिछान्यातून उतरायला बघायच्या. तळ्याच्या कडेने, दुसऱ्या गिअरात, न थांबता. पूल आला की सांगायचं, "पूल आला." तळं संपलं की वळून पुन्हा तेच तळं. भाऊजींना त्या आता सरळ ड्रायव्हर म्हणायच्या, आणि भाऊजी त्यांना बाई म्हणायचे. आई म्हटलं की त्या गोंधळायच्या.

आणि बॅटरी! ती तासाभराच्या आतच मान टाकायची. पडदा काळा झाला की मावशी अशा रडायच्या की शेजारी बाहेर येऊन उभे राहायचे. मग चार्जर लावूनच खेळायचं ठरलं. त्या खोलीत प्लगची एकच जागा, पलंगाच्या पलीकडे, आणि ती अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून घेतलेल्या हवेच्या गादीच्या पंपाने अडवलेली. लांब वायर टाकली तर ताईच्या पायात अडकायची, म्हणून तिथेच दोन तोंडांची पिन बसवली, पण चार्जरची वायर आखूड. म्हणजे भाऊजींनी पलंग आणि भिंत यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत स्टूल घालून बसायचं. वायर अशी ताणलेली की हलायची सोय नाही. पाठ पलंगाला, गुडघे भिंतीला. केबिन तरी ऐसपैस वाटावी.

बरं, दुपारीही मावशींना जायचं असायचं. म्हणून लॅपटॉप घरीच राहायला लागला आणि ताई गाडी शिकली. ताईने पहिल्याच दिवशी टोलनाका पाडला, एका बसला धडकली आणि गाडी तळ्यात घातली. मावशी म्हणाल्या, "ही बाई आपल्याला मारणार." आम्ही हसलो खरे. पण एवढा तोलूनमापून घेतलेला हलका लॅपटॉप पुन्हा घराबाहेर पडला नाही, आणि भाऊजी काट्यावर पहिल्यासारखे रिकामे बसायला लागले.

एकदा मी रागाच्या भरात म्हटलं, "जाड घेतला असता तर निदान खोलीच्या दारापाशी तरी बसता आलं असतं."

"हो," भाऊजी म्हणाले. "चुकलंच." वाद घालणारा माणूस असा चटकन कबूल झाला की माझा रागच निघून जातो आणि मग मला काय करावं कळत नाही. मी विचारलं, "समुद्राचा परवाना मिळाला?"

"कधीच मिळालाय," ते म्हणाले.

मग लंबूने तो बेत काढला. त्याची गाडी बंदराला माल घेऊन जाणार होती. दुपारी निघायचं, दुसऱ्या दिवशी दुपारी परत. भाऊजींना नेमकी दोन दिवस सुट्टी होती. "केबिनमध्ये जागा आहे," लंबू त्यांना म्हणाला. "आयुष्यभर माझी गाडी मोजलीस, एकदा बसून तर बघ. रस्ता मोकळा असला तर थोडी चालवायलाही देतो. लायसन्स आहे ना तुझं?"

लायसन्स होतं. भाऊजींनी ते पाकिटातून काढून लंबूला दाखवलं म्हणे, दोन्ही बाजूंनी.

ताईने मला फोन केला. ती म्हणाली, "तू ये आणि एक दिवस गाडी चालव. मी पाया पडते तुझ्या." ताई कधी कोणाच्या पाया पडण्याची भाषा करत नाही. मी रजा टाकली.

दोन संध्याकाळी भाऊजींनी मला शिकवलं. दुसरा गिअर. तळं डावीकडे ठेवायचं. पूल दिसला की लगेच सांगायचं नाही, चाकं पुलावर चढली की सांगायचं. वळण आलं की "सांभाळून बसा बाई." माझी बोटं चुकायची आणि ते माझ्या हातावर हात ठेवून दाखवायचे. मला म्हणाले, "तिच्याकडे पाठ करून बसायचं. पाठ माझ्यासारखीच आहे तुझी." त्यांचा जुना शर्टही मला घालायला लावला. मी कुरकुरलो, पण घातला.

तो दिवस आला. भाऊजींनी सकाळीच दाढी केली. एक लहानशी बॅग, त्यात शर्ट, टॉवेल. बूट पुसून दाराशी ठेवलेले. खेळ सुरू असतानाच, मावशींची नजर पडद्यावर असताना, ते स्टुलावरून उठले आणि मी बसलो. अगदी काट्यावर गाडी बदलते तसं. मागे ताईच्या कुजबुजण्याचा आवाज आला, "जा, आता जा." मग दार हळूच लागल्याचा.

मी चालवत होतो. तळं डावीकडे. सगळं ठीक होतं. मला आनंद झाला, खरंच झाला. मनात म्हटलं, भाऊजी गल्लीच्या तोंडाशी पोचले असतील. लंबूने हात दिला असेल. वर चढून बसले असतील.

"पूल आला," मी म्हटलं.

 मागून मावशी म्हणाल्या, "ड्रायव्हर बदलला का?"

"हो बाई. त्यांची ड्युटी संपली."

"हा गचके देतो," त्या म्हणाल्या. "तो कुठाय?"

"येईल. तुम्ही बसा."

"थांबव. तो आल्याशिवाय मला पुढे नाही जायचं." पलंग करकरला. मी वळून बघतो तर त्यांनी एक पाय कठड्यावरून बाहेर काढला होता. मी उठायला गेलो, अडचणीत गुडघा आपटला, वायरीला हिसका बसला आणि प्लग निघाला. बॅटरी तर केव्हाचीच कामातून गेलेली. पडदा काळा झाला.

मावशींनी टाहो फोडला.

ताई धावत आली. पण ती मावशींकडे नाही गेली. आधी खिडकीकडे गेली आणि खिडकी लावायला लागली. खिडकीची कडी जुनी, अडकलेली. ती दोन्ही हातांनी ओढत होती, ओठ दाबून, आणि मला ओरडून सांगत होती, "त्यांना गप्प कर, ह्यांना ऐकू जाईल ना रे!" मी मावशींचा पाय धरला होता. मला काही करता येत नव्हतं. खिडकी लागली, पण तोवर जायचं ते गेलं होतं.

दार उघडलं. भाऊजी बूट न काढता आत आले. ताई खिडकीपाशीच उभी राहिली. त्यांनी मला बाजूला केलं, मावशींचा पाय अलगद उचलून आत ठेवला आणि कठड्यापलीकडच्या त्या फटीत शिरले. प्लग लावला. लॅपटॉप पुन्हा सुरू व्हायला वेळ लागतो, तेवढा वेळ त्यांच्याकडे बघत मावशी हळूहळू शांत झाल्या.

"कुठे गेला होतास?" त्यांनी विचारलं.

"काट्यावर, बाई. गाडीचं वजन करायला."

"मग? निघायचं ना आता?"

बाहेर लंबूच्या भोंग्याचा आवाज आला, दोनदा. मग गाडी सुरू झाल्याचा, गिअर पडल्याचा. भाऊजींनी तो सगळा ऐकला, अगदी लांब जाईपर्यंत.

"वजन जास्त भरलंय," ते म्हणाले. "सोडत नाहीत."

"मग थोडं उतरवून टाक की खाली," मावशी म्हणाल्या. अगदी समजूतदारपणे.

भाऊजी त्यांच्याकडे वळले. "काय उतरवू, आई?" ते म्हणाले.

किती दिवसांनी त्यांनी तो शब्द काढला होता. मावशींनी कपाळाला आठ्या घातल्या.

"मी कुठली तुझी आई? उगाच वेळ काढू नकोस. माझं बाळ घरी एकटंच आहे, वाट बघत असेल. चल, काढ गाडी."

पडद्यावर तळं दिसायला लागलं होतं. भाऊजींनी दुसरा गिअर टाकला.